हायड्रेट असलेल्या समुद्रगाळाची पारगम्यता मोजताना: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

गाळात हायड्रेट (पाणी आणि मिथेनसारखा गॅस मिळून दाबात आणि थंडीत बनणारा बर्फासारखा घन पदार्थ) वाढलं की पाणी-गॅस वाहायची वाट अडते आणि पारगम्यता, म्हणजे गाळातून ते किती सहज वाहतात ते, घटते, एवढं सगळ्यांना माहीत असतं. गोंधळ होतो तो 'किती घटते' यावर. मोजमाप करणारे दोघे, एकाच प्रकारची वाळू, दोघांचंही हायड्रेट सॅच्युरेशन (पोकळीचा किती भाग हायड्रेटने भरलाय ते) ४० टक्के, आणि दोघांच्या पारगम्यतेत पन्नास पट फरक, हे मी एकदा नाही बऱ्याचदा बघितलंय. मग एकजण दुसऱ्याला म्हणतो तुझं मोजमाप चुकलं. बहुतेक वेळा मोजमाप दोघांचंही बरोबर असतं, फक्त एकाचं हायड्रेट कणांच्या टेकूवर (कण जिथे एकमेकांना टेकतात तिथे) बसलेलं असतं आणि दुसऱ्याचं पोकळीच्या मधोमध, आणि दोघांनीही ते कुठं लिहिलेलं नसतं.

म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. प्रयोगशाळेत वाळूच्या सॅम्पलमध्ये मिथेन हायड्रेट बनवून पारगम्यता मोजणाऱ्यांसाठी हे मुख्यतः आहे, समुद्रतळावरून आणलेल्या प्रेशर कोअरबद्दल (मूळ दाब न सोडता वर आणलेल्या गाळाच्या नमुन्याबद्दल) शेवटी थोडं वेगळं लिहिलंय.

## सुरू करण्याआधी: हायड्रेट बसतं कुठे

गाळाच्या कणांमध्ये मोठ्या पोकळ्या असतात आणि त्या पोकळ्यांना जोडणाऱ्या चिंचोळ्या वाटा असतात. पारगम्यता ठरते ती या चिंचोळ्या वाटांवरून. हायड्रेट कणांच्या पृष्ठभागावर पातळ थरासारखं चढलं तर मधली वाट मोकळी राहते, पण तेवढंच हायड्रेट पोकळीच्या मध्यभागी वाढलं तर पाण्याला कणांना घासत कडेकडेने जावं लागतं आणि घर्षण प्रचंड वाढतं.

आकड्यात बघा. गाळाला एकसारख्या बारीक नळ्यांचा जुडगा समजून गणित केलं, आणि निम्मी जागा हायड्रेटने भरली, तर थर भिंतीवर असताना पारगम्यता मूळच्या २५ टक्के उरते आणि मधोमध असताना जेमतेम ३ टक्के. सॅच्युरेशन तेच, ५० टक्के.

नैसर्गिक जाड वाळूत हायड्रेट सहसा पोकळीच्या आतच वाढतं, कारण कणांच्या पृष्ठभागाला पाणी चिकटून असतं आणि फार बारीक जागेत हायड्रेट बनायला जास्त थंडी लागते, त्यामुळे आधी मोठी पोकळी भरते. चिकणमातीत तर ते पोकळीत मावतच नाही, कण बाजूला ढकलून भेगा, गाठी, पापुद्रे अशा रूपात वाढतं. हे डोक्यात पक्कं ठेवा, खालच्या प्रत्येक टप्प्यावर याच गोष्टीशी गाठ पडणार आहे.

## टप्पा १: नेमकी कुठली पारगम्यता मोजायचीय ते कागदावर लिहा

इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक तिन्हीला एकच नाव देतात. पहिली, हायड्रेट नसतानाची गाळाची मूळ पारगम्यता. दुसरी, हायड्रेट असताना पण उरलेल्या जागेत फक्त पाणी किंवा फक्त गॅस असतानाची. तिसरी, हायड्रेट आहे आणि उरलेल्या जागेत पाणी आणि गॅस दोन्ही वाहताहेत, तेव्हा त्या प्रत्येकाची वेगवेगळी.

'रिलेटिव्ह परमिएबिलिटी' हा शब्द दुसरीला पहिलीने भागूनही वापरतात आणि तिसरीला दुसरीने भागूनही. त्यामुळे दुसऱ्याच्या पेपरमधला आकडा उचलून स्वतःच्या ग्राफवर टाकण्याआधी त्याने कशाने भागलंय ते शोधा. सापडलं नाही तर तो आकडा वापरू नका, मी तरी वापरत नाही.

## टप्पा २: यंत्रणेची तयारी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी सॅम्पल भरण्याआधी किमान एक आठवडा नुसत्या यंत्रणेवर घालवतो आणि तो वेळ नंतर दुपटीने वसूल होतो.

१. लीक टेस्ट. मिथेनने करू नका, नायट्रोजन किंवा हेलियमने करा, कामाच्या दाबाच्या थोडं वर जाऊन रात्रभर ठेवा. दाबासोबत तापमानही नोंदवा, कारण बंद भांड्यात ८ मेगापास्कलला तापमान नुसतं १ अंश हललं तरी दाब ०.०३ मेगापास्कलच्या आसपास हलतो आणि लोक त्याला लीक समजून दिवसभर फिटिंग आवळत बसतात.

२. डेड व्हॉल्यूम. पाइप, व्हॉल्व्ह, फिल्टर यांच्यातली सगळी जागा मोजून ठेवा. पुढे गॅसचा हिशोब करून सॅच्युरेशन काढायचंय, आणि छोट्या सॅम्पलमध्ये हीच जागा कधीकधी पोकळीच्या जागेएवढी भरते.

३. डिफरन्शियल प्रेशर ट्रान्सड्यूसर (दोन टोकांमधला दाबाचा फरक मोजणारा सेन्सर) दोन लावा. एक छोट्या रेंजचा, एक मोठ्या रेंजचा. हायड्रेट नसताना वाळूच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक २ किलोपास्कल असू शकतो आणि हायड्रेट असताना तोच ४० ते ४०० किलोपास्कल होऊ शकतो. १ मेगापास्कल रेंजच्या, ०.१ टक्का अचूकतेच्या ट्रान्सड्यूसरची चूकच १ किलोपास्कल असते, म्हणजे त्याने मूळ पारगम्यता मोजली तर चूक थेट ५० टक्के. आणि मूळ आकडाच तुमचा भाजक आहे, तो चुकला की पुढचे सगळे पॉइंट एकत्र सरकतात आणि ग्राफ दिसायला मात्र छान गुळगुळीत दिसतो.

४. दाबाच्या नळ्या जमल्यास सॅम्पलच्या मधल्या भागावर घ्या. टोकाच्या फिल्टरमध्ये हायड्रेट अडकणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. फक्त टोकांना दाब मोजत असाल तर सॅम्पल नाही, फिल्टर मोजताय.

५. स्लीव्ह (सॅम्पलभोवतीचं लवचीक आवरण) आणि कन्फायनिंग प्रेशर (त्या आवरणावर बाहेरून दिलेला दाब). वाळू आणि स्लीव्हमध्ये फट राहिली की पाणी तिथूनच पळतं. कन्फायनिंग प्रेशर कायम पोअर प्रेशरच्या, म्हणजे पोकळीतल्या पाणी-गॅसच्या दाबाच्या, वर ठेवा आणि दोन्हीमधला फरक, म्हणजे इफेक्टिव्ह स्ट्रेस, पूर्ण प्रयोगात एकच ठेवा.

६. तापमानाचे सेन्सर किमान तीन, आत, लांबीवर पसरलेले. चिलरच्या स्क्रीनवरचं तापमान सॅम्पलचं तापमान नसतं.

धोक्याची सूचना: हवेत ५ ते १५ टक्के मिथेन स्फोटक असतो, त्यामुळे वायुवीजन आणि गॅस डिटेक्टरशिवाय सुरुवातच करू नका. दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: दोन बंद व्हॉल्व्हच्या मधल्या पाइपमध्ये हायड्रेट अडकलं आणि तो भाग खोलीच्या तापमानाला आला तर आतला दाब समतोलाच्या रेषेवर (हायड्रेट ज्या दाब-तापमानाला जेमतेम टिकतं ती रेषा) चढत जातो, आणि २० अंशाला तो २० मेगापास्कलच्या आसपास असतो. तुमचं फिटिंग १५ला रेट केलेलं असेल तर? म्हणून प्रत्येक बंद होऊ शकणाऱ्या तुकड्याला रिलीफ व्हॉल्व्ह हवाच.

## टप्पा ३: हायड्रेट नसतानाची मूळ पारगम्यता

घाईत लोक हा टप्पा 'आधीच्या बॅचचा आकडा आहे की' म्हणून उरकतात. तसं करू नका. त्याच वाळूचं दुसरं पॅकिंग सच्छिद्रतेत दोन टक्के जरी वेगळं भरलं तरी पारगम्यता बरीच सरकते. मोजमाप त्याच पॅकिंगवर, त्याच इफेक्टिव्ह स्ट्रेसला आणि ज्या तापमानाला पुढे हायड्रेट असताना मोजणार त्याच तापमानाला करा. अर्थात दाब असा ठेवा की हायड्रेट बनणार नाही, किंवा पाण्यात मिथेनच नसू द्या.

कृती अशी: सॅम्पल व्हॅक्यूमखाली घ्या, हवा काढलेलं पाणी खालून वर हळूहळू सोडा, मग बॅक प्रेशर (बाहेरच्या टोकाला दाब) लावा म्हणजे उरलेसुरले बुडबुडे विरघळतील. मग तीन-चार वेगवेगळ्या फ्लो रेटला दाबातला फरक नोंदवा आणि ग्राफ काढा.

तपासणी: रेषा सरळ हवी आणि शून्यातून जायला हवी. शून्यातून जात नसेल तर ट्रान्सड्यूसरचा झीरो सरकलाय. वरच्या फ्लोला रेषा वाकत असेल तर एकतर बारीक कण हलताहेत किंवा फ्लो डार्सीच्या नियमाच्या (फ्लो दाबातल्या फरकाच्या प्रमाणात वाढतो, या नियमाच्या) बाहेर गेलाय, तो भाग सोडून द्या.

आता एक उदाहरण, कारण इथली चूक मी स्वतः पहिल्या वर्षी केली होती आणि चार महिन्यांचा डेटा परत काढावा लागला. सॅम्पलचा व्यास ५ सेमी, लांबी १० सेमी, फ्लो मिनिटाला १ मिली, दाबातला फरक २ किलोपास्कल, तापमान ४ अंश. फ्लो गुणिले व्हिस्कॉसिटी गुणिले लांबी, भागिले क्षेत्रफळ गुणिले दाबातला फरक. ४ अंशाला पाण्याची व्हिस्कॉसिटी १.५७ मिलिपास्कल-सेकंद असते, त्याने उत्तर येतं ०.६७ डार्सीच्या (हे पारगम्यतेचं एकक) आसपास. मी खोलीच्या तापमानाची १.०० घेतली होती, त्याने येतं ०.४३. जवळपास ३६ टक्के कमी, आणि वाईट म्हणजे मूळ मोजमाप २० अंशाला आणि हायड्रेटचं ४ अंशाला केलं असेल तर दोन्हीकडे एकच व्हिस्कॉसिटी टाकल्याने गुणोत्तरही चुकतं. खारं पाणी असेल तर त्याची व्हिस्कॉसिटी अजून थोडी जास्त, तीही बघा.

## टप्पा ४: हायड्रेट बनवणं

पद्धत निवडलीत की हायड्रेट कुठं बसणार हे बऱ्यापैकी ठरून गेलं, म्हणून निवड सोयीने करू नका, प्रश्न बघून करा.

जास्त गॅस, थोडं पाणी. ओलसर वाळूत मिथेन भरायचा. पाणी कणांच्या टेकूच्या जागी साठलेलं असतं, तिथंच हायड्रेट बनतं आणि कण एकमेकांना सिमेंटसारखे चिकटतात. झटपट होतं, दोन-चार दिवसांत, म्हणून सगळ्यांना आवडतं. पण समुद्रतळाखालच्या पाण्याने भरलेल्या वाळूचं चित्र हे सहसा नसतं.

जास्त पाणी, मोजका गॅस. आधी ठरावीक गॅस, मग पाणी दाबून भरायचं. वेळ जास्त लागतो, हायड्रेट पोकळीत वाढतं, आणि सॅच्युरेशन साधारण २५ ते ४० टक्क्यांच्या वर गेलं की ते कणांना टेकून भार घ्यायला लागतं.

विरघळलेल्या गॅसपासून. मिथेनयुक्त पाणी सॅम्पलमधून फिरवत राहायचं. निसर्गाच्या सगळ्यात जवळ, पण पाण्यात मिथेन फारच कमी विरघळतो त्यामुळे आठवडे किंवा महिने लागतात, आणि इनलेटपाशीच सगळं जमा होण्याचा धोका मोठा.

टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान, पाण्यात मिसळणारा एक द्रव) वापरून वातावरणाच्या दाबालाच ४.४ अंशाखाली हायड्रेट बनवता येतं, त्याचा मोह होतो. ताकद, उष्णता अशा गोष्टींसाठी ठीक आहे, पण पारगम्यतेसाठी मी सांगणार नाही, कारण साधं पाणी सोडलं तर हायड्रेट विरघळतं आणि टीएचएफचं द्रावण सोडलं तर ते आतच गोठत जातं.

आता जास्त गॅसच्या पद्धतीचा क्रम, कारण सगळ्यात जास्त सॅम्पल इथेच वाया जातात:

१. सॅम्पल आधी थंड करून मग गॅस सोडू नका. गॅस आत शिरतो तिथंच हायड्रेटचं बूच बसतं आणि मागचा भाग कोरडाच राहतो. आधी २० अंशाला ८ मेगापास्कलपर्यंत दाब चढवा, त्या तापमानाला हायड्रेट बनूच शकत नाही, कन्फायनिंग प्रेशर सोबतच चढवत रहा.

२. काही तास थांबा, गॅस सगळीकडे सारखा पसरू द्या.

३. मग सगळ्या बाजूंनी एकसारखं, हळू थंड करा. ८ मेगापास्कलला समतोलाचं तापमान ११ अंशाच्या आसपास आहे, ४ अंशापर्यंत गेलात की भरपूर फरक मिळतो. ४ अंशाला समतोलाचा दाब फक्त ४ मेगापास्कलच्या आसपास असल्याने दाब थोडा उतरला तरी हायड्रेट टिकतं. खारं पाणी असेल तर एक-सव्वा अंशाची सूट धरा.

४. हायड्रेट बनायला सुरुवात झाली की तापमानाच्या सेन्सरवर छोटी उडी दिसते आणि दाब घसरायला लागतो. कुठल्या सेन्सरवर उडी आधी दिसली ते नोंदवा, एकाच टोकाला दिसली असेल तर सॅम्पल एकसारखं नाही.

५. खूप वेळ काहीच घडत नसेल तर घाबरून तापमान शून्याखाली नेऊ नका, बर्फ झाला तर वाळूची रचनाच बदलते. त्यापेक्षा एकदा हायड्रेट बनलेलं आणि नुकतंच वितळलेलं पाणी पुन्हा पटकन हायड्रेट बनवतं, त्याचा उपयोग करा. मात्र मग प्रत्येक प्रयोगात तसंच करा, एकदा ताजं पाणी आणि एकदा जुनं असं नको.

तपासणी: दाब २४ तास सपाट राहायला हवा. त्यानंतरही मी दोन-तीन दिवस तसंच सोडतो, कारण हायड्रेट बनून झाल्यावरही आतल्या आत जागा बदलत राहतं, लहान स्फटिक विरघळून मोठे होतात, आणि पहिल्या दिवशीची पारगम्यता दहाव्या दिवशी तीच नसते. किती तासांनी मोजलं ते लिहून ठेवणं म्हणूनच गरजेचं आहे.

## टप्पा ५: सॅच्युरेशनचा हिशोब

३० टक्के पोकळी पाण्याने भरली होती आणि सगळं पाणी वापरलं गेलं, म्हणजे सॅच्युरेशन ३० टक्के, असं लिहिलेलं दर वर्षी वाचतो. पाणी हायड्रेट होताना फुगतं, १ घनसेमी पाण्यापासून साधारण १.२५ घनसेमी हायड्रेट होतं. त्यामुळे ३० टक्के पाण्याचं ३७ टक्के हायड्रेट होतं.

वरच्याच सॅम्पलचं आकारमान १९६ घनसेमी, सच्छिद्रता ४० टक्के धरली तर पोकळी ७८.५ घनसेमी, पाणी २३.६ ग्रॅम, हायड्रेट २९ घनसेमीच्या थोडं वर. पाणी सगळं वापरलं गेलं का, हे मात्र गॅसच्या हिशोबाने पडताळा. तिथे मिथेनला आयडियल गॅस धरू नका, ८ मेगापास्कल आणि ४ अंशाला मोल मोजण्यात १५ ते २० टक्क्यांची चूक येते.

खाऱ्या पाण्यात अजून एक भानगड आहे. हायड्रेटमध्ये मीठ शिरत नाही, त्यामुळे उरलेलं पाणी खारट होत जातं. पाण्याने भरलेल्या बंद सॅम्पलमध्ये ५० टक्के हायड्रेट झालं तर ३.५ टक्के क्षारता ५.८च्या आसपास जाते, समतोल सरकतो, आणि हायड्रेट बनणं मध्येच थांबतं. 'सगळं पाणी वापरलं गेलं' हे गृहीतक तिथे लागूच नाही.

हा आकडा पूर्ण सॅम्पलची सरासरी आहे हेही विसरू नका. अर्ध्या लांबीत ६० टक्के आणि अर्ध्या लांबीत १० टक्के असलं तरी सरासरी ३५च येते, पण प्रवाह ६०वाल्या भागातच अडतो. सीटी, एमआरआय किंवा एनएमआर (सॅम्पल न उघडता आतलं दाखवणारी साधनं) हाताशी असेल तर वापरा. नसेल तर मधल्या प्रेशर नळ्यांवरून प्रत्येक तुकड्याची पारगम्यता वेगळी काढून बघा, खूप फरक दिसला तर तो पॉइंट मॉडेलसाठी वापरू नका.

## टप्पा ६: गॅस काढून पाणी भरणं

पाण्याची पारगम्यता हवी असेल आणि हायड्रेट जास्त गॅसमध्ये बनवलं असेल तर हा टप्पा टाळता येत नाही, आणि माझ्या मते पूर्ण प्रयोगातला हाच सगळ्यात नाजूक भाग आहे. तीन गोष्टी एकाच वेळी बिघडू शकतात.

पहिली: साधं पाणी सोडलं तर त्यात मिथेन नसतो, ते हायड्रेट विरघळवत जातं. इनलेटपासून एक वाट कोरली जाते, पाणी त्याच वाटेने पळतं, पारगम्यता हळूहळू वाढताना दिसते आणि वाटतं सॅम्पल 'स्थिर होतंय'.

दुसरी: म्हणून लोक खोलीच्या तापमानाला मिथेनने भरलेलं पाणी बनवून सोडतात. तेही चुकतं. हायड्रेटच्या सोबतीत थंड पाणी जेवढा मिथेन धरू शकतं त्यापेक्षा जास्त मिथेन या पाण्यात असतो, ते थंड झालं की जास्तीचा मिथेन हायड्रेट बनून इनलेटलाच बसतो. आता पारगम्यता घटताना दिसते.

उपाय एकच, वरच्या बाजूला एक वेगळं भांडं ठेवा, सॅम्पलच्याच दाबाला आणि तापमानाला, आणि त्या भांड्यात पाण्यासोबत थोडं हायड्रेटही असू द्या. तिथून येणारं पाणी हायड्रेटशी समतोलात असतं, ते काही विरघळवत नाही आणि काही जमाही करत नाही. भांड्यापासून सॅम्पलपर्यंतचा पाइपही थंड ठेवा, नाहीतर सगळी मेहनत त्या दोन हातांच्या पाइपात वाया जाते.

तिसरी: अडकलेला गॅस. पाणी आलं की या गॅसचं नवं हायड्रेट बनतं, आणि टप्पा ५ मध्ये काढलेलं सॅच्युरेशन जुनं होतं. पाणी भरून झाल्यावर पुन्हा दाब सपाट होईपर्यंत थांबा आणि हिशोब पुन्हा करा.

एवढं जमत नसेल तर सरळ गॅसची पारगम्यता मोजा आणि तसंच लिहा. पाणी पूर्ण वापरलं गेलेलं असेल तर उरलेल्या जागेत फक्त गॅस असतो, आकडा प्रामाणिक येतो.

## टप्पा ७: प्रत्यक्ष मोजमाप

आता फार काही उरत नाही, फक्त धीर लागतो. सगळ्यात कमी फ्लोने सुरू करा, तीन-चार पायऱ्या वर जा, मग त्याच पायऱ्यांनी खाली या. वर जाताना आणि खाली येताना आकडे जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर मध्ये काहीतरी हललं, बारीक कण किंवा खुद्द हायड्रेट.

आपल्या सॅम्पलमध्ये मिनिटाला १ मिली फ्लोला दाबातला फरक २ वरून ४० किलोपास्कल झाला असं समजा. पारगम्यता ०.६७ डार्सीवरून ३४ मिलिडार्सीवर आली, म्हणजे मूळच्या ५ टक्के.

लक्ष द्या: दाबातला फरक वाढवताना बाहेरच्या टोकाचा दाब समतोलाच्या खाली जाऊ देऊ नका, तिथे हायड्रेट फुटायला लागलं की गॅसचे बुडबुडे सुटतात आणि पुढचे सगळे आकडे दोन फेजचे, म्हणजे पाणी आणि गॅस एकत्र वाहतानाचे, होतात.

साधी तपासणी: बाहेर येणाऱ्या पाण्याची क्षारता मोजत रहा. ती घटायला लागली तर आत हायड्रेट फुटतंय किंवा विरघळतंय, कारण हायड्रेटमधून गोडं पाणी सुटतं. कंडक्टिव्हिटी मीटर पुरतो.

चिकणमातीचं सॅम्पल असेल तर हा स्थिर फ्लोचा मार्ग सोडा, दाबाचा छोटा धक्का देऊन तो किती वेळात ओसरतो ते बघायची पद्धत वापरा, नाहीतर एकेका पॉइंटला दिवस जातील.

## टप्पा ८: मॉडेल बसवणं

सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त वापरलं जाणारं रूप म्हणजे एकातून सॅच्युरेशन वजा करायचं आणि त्याला एका घाताने वाढवायचं. तो घात २ असला तर भिंतीवरच्या थराचं उत्तर येतं. ५० टक्क्याला मधोमध भरलेल्या नळीचं उत्तर साधारण घात ५ ला जुळतं. घात १० घेतला तर ५० टक्क्याला पारगम्यता मूळच्या हजाराव्या भागावर येते.

अडचण अशी की हा एकच घात सगळ्या चुका पोटात घेतो. फिल्टर तुंबला, सॅच्युरेशन एका टोकाला जास्त झालं, मूळ पारगम्यता चुकली, काहीही झालं तरी कुठलातरी घात बसतोच आणि ग्राफ सुंदर दिसतो. म्हणून घात बसवण्याआधी विचारा, की या पद्धतीने बनवलेलं हायड्रेट बसायला हवं होतं कुठे? जास्त गॅसवालं, कणांना चिकटलेलं हायड्रेट आणि घात १२ आला, तर मी आधी फिल्टर उघडून बघेन.

पॉइंट किमान १० ते ६० टक्क्यांवर पसरलेले हवेत. ३० ते ४० च्या मधल्या पाच पॉइंटवर कुठलंही मॉडेल बसतं. आणि पारगम्यता लॉग स्केलवरच काढा, साध्या स्केलवर खालचे पॉइंट सगळे शून्याला चिकटलेले दिसतात.

## टप्पा ९: हायड्रेट वितळवून पुन्हा मूळ मोजमाप

हा टप्पा वगळू नका, थकवा आलेला असतो तरीही. दाब पायरीपायरीने उतरवा. हायड्रेट फुटताना उष्णता शोषतं, एका मोल मिथेनमागे साधारण ५४ किलोज्यूल, त्यामुळे झटक्यात दाब सोडला तर सॅम्पल स्वतःच थंड होऊन आत बर्फ किंवा पुन्हा हायड्रेट होतं. बाहेर येणारा गॅस मोजा आणि टप्पा ५ च्या हिशोबाशी ताडून बघा, ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कुठंतरी लीक आहे किंवा डेड व्हॉल्यूम चुकलाय.

मग पाणी भरून मूळ पारगम्यता पुन्हा काढा. आधीच्या आकड्याच्या जवळ आली तर सॅम्पलची रचना टिकली. खूप कमी आली तर बारीक कण सरकून वाटा बुजल्यात, किंवा चिकणमाती असेल तर सुटलेल्या गोड्या पाण्याने ती फुगली आहे. ही माहिती वाया नाही, प्रत्यक्ष विहिरीतून गॅस काढताना हेच घडतं, ती वेगळी लिहून ठेवा.

## समुद्रतळावरून आलेला कोअर असेल तर

दाब सोडून आणलेल्या कोअरवर हायड्रेटची पारगम्यता मोजता येत नाही. गॅसने कोअर फुगतो, फाटतो, आणि नंतर त्यात पुन्हा हायड्रेट बनवलं तरी ते मूळ जागी बसत नाही. प्रेशर कोअर दाबातच कापून दाबातच सेलमध्ये न्यावा लागतो, आणि इफेक्टिव्ह स्ट्रेस समुद्रतळाखाली होता तेवढा परत लावावा लागतो, नाहीतर सैल झालेल्या गाळाची पारगम्यता मोजली जाते.

दिशाही बघा. समजा १० सेमीच्या तुकड्यात ९ सेमी वाळू ५०० मिलिडार्सीची आणि १ सेमी चिखल ०.१ मिलिडार्सीचा. आडवी पारगम्यता येते ४५० मिलिडार्सी आणि उभी येते जेमतेम १. कोअर बहुतेक वेळा उभा कापलेला असतो आणि विहिरीकडे गॅस येतो आडवा, त्यामुळे उभ्या मोजमापावरून उत्पादनाचा अंदाज बांधला तर तो शेकडो पटींनी चुकू शकतो.

आणि भेगांमधलं हायड्रेट असेल, कृष्णा-गोदावरी खोऱ्यात भारताच्या २००६ च्या गॅस हायड्रेट मोहिमेत १० क्रमांकाच्या जागेवर चिकणमातीत सापडलं तसं, तर वरचं एकही पोकळीवालं मॉडेल लावू नका. तिथे चिकणमातीची स्वतःची पारगम्यता जवळपास तशीच असते, आणि सगळा खेळ भेग बंद आहे की उघडी यावर असतो. अशा कोअरची आधी सीटी काढा, भेगांची दिशा नोंदवा, आणि भेगेच्या समांतर आणि भेगेला आडवी अशी दोन वेगळी मोजमापं करा.